आई-बाबांच्या गोळ्या: डॉक्टर आणि मेडिकलवाल्याची गाठ कशी घालून द्यायची

घरात साठी ओलांडलेलं कुणी असेल तर चित्र साधारण असंच असतं बघा. बीपी-शुगरच्या गोळ्या फॅमिली डॉक्टरांच्या, अँजिओप्लास्टी झाली असेल तर रक्त पातळ होण्याची गोळी जिल्ह्याच्या ठिकाणच्या हार्टवाल्यांची, गुडघ्याची गोळी हाडाच्या डॉक्टरांची, आणि पित्ताची गोळी तिघांनीही आपापली दिलेली, वेगवेगळ्या नावांनी. हे तिघं एकमेकांशी कधी बोललेले नसतात. औषधं घ्यायची म्हटली तर कधी दवाखान्याखालच्या मेडिकलमधून, कधी घराजवळच्या, आणि कधी पुण्यातला मुलगा ऑनलाइन मागवून पाठवतो. म्हणजे या सगळ्या गोळ्या एकत्र भेटतात त्या थेट पेशंटच्या पोटात, त्याआधी कुणी त्यांना एका टेबलावर बघितलेलंच नसतं.

मी तालुक्याच्या गावात मेडिकल चालवतो, रजिस्टर्ड फार्मासिस्ट आहे, त्यामुळे हे काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतोय. डॉक्टरांना रिपोर्ट दिसतो, पेशंट तपासता येतो, पण पेशंट घरी गोळ्या कशा खातो ते त्यांना दिसत नाही. आम्हाला उलटं. महिन्याच्या गोळ्या पंचेचाळीस दिवस पुरल्या की आम्हाला लगेच कळतं की कुणीतरी गाळतंय, पण क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा) किती आहे, डोस का बदलला, हे आम्हाला कुणी सांगत नाही. दोघांकडे अर्धी अर्धी माहिती, आणि मधला निरोप्या कोण, तर सत्तर वर्षांची आजी जिला "ती गुलाबी गोळी" एवढंच आठवतंय. आपल्याकडे डॉक्टर आणि फार्मासिस्टला जोडणारी यंत्रणा खासगी प्रॅक्टिसमध्ये जवळजवळ नाहीच, ती घरातल्यांनाच उभी करावी लागते. फार अवघड नाही, एक कागद आणि दोन फोन नंबर लागतात, बाकी चिकाटी.

पहिलं काम, एक डॉक्टर आणि एक मेडिकल ठरवा

स्पेशालिस्ट कितीही असू देत, पण सगळ्या फाईली ज्याच्यासमोर उघडतात असा एक फॅमिली डॉक्टर पाहिजे. एमबीबीएस असो, एमडी असो, गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे मेडिकल ऑफिसर असोत, पण एकच. हार्टवाल्यांनी काही बदललं की आठवड्याच्या आत तो कागद या डॉक्टरांना दाखवायचा, हा नियम करून टाका.

मेडिकलही एकच. कुठलं, ते असं ठरवा. भिंतीवर लायसन्स आणि फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन लावलेलं असतं, त्यावर नाव असतं, त्या नावाचा माणूस दुकानात खरंच बसतो का बघा. कायद्याने चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं आणि प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी सर्टिफिकेट एकाचं आणि काउंटरवर बारावी झालेला पोरगा, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे, लपवण्यात अर्थ नाही. मग एक साधा प्रश्न विचारून बघा, "थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी सकाळी एकत्र घेतली तर चालते का हो?" जो म्हणेल "घ्या घ्या, काही होत नाही", तिथून निघा. जो म्हणेल की थायरॉईडची उपाशीपोटी एकटी घ्या आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी किमान चार तासांनी, तो तुमचा माणूस.

डिस्काउंटचं काय? मी दुकानदार असून सांगतो, वीस टक्के सूट कुणाला नको असते, आणि पैशाची अडचण खरी असते. पण स्वस्तासाठी दर महिन्याला दुकान बदलण्यापेक्षा डॉक्टरांना सांगा की जेनेरिक नाव लिहून द्या, आणि जनऔषधी केंद्र हेच तुमचं कायमचं दुकान करा, तिथेही फार्मासिस्टच असतो. डॉक्टरांनी शक्यतो जेनेरिक नाव आणि तेही सुवाच्य, मोठ्या अक्षरात लिहावं असा मेडिकल कौन्सिलचा नियम २०१६ पासून आहे, त्यामुळे मागायला संकोच नको. एक मात्र लक्षात ठेवा, चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला असेल तर तो बदलून दुसऱ्या कंपनीचं द्यायची परवानगी आम्हाला नाही, शेड्यूल एचच्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांना तर नियमातच तसं स्पष्ट आहे. म्हणून "तेच आहे, कंपनी वेगळी" असं कुणी म्हणालं तर म्हणा, "ठीक आहे, पण आधी डॉक्टरांना फोन लावा." फोन लावला तर दुकान चांगलं आहे.

दुसरं, पिशवी घेऊन काउंटरवर जा

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा. सगळ्या म्हणजे सगळ्या. देव्हाऱ्याच्या कोनाड्यातल्या, फ्रीजच्या दारातल्या, आजीच्या बटव्यातल्या, अर्धवट संपलेली सिरपं, डोळ्याचे ड्रॉप, मलमं, पंप, आयुर्वेदिक चूर्णं, वैदूकडून आणलेल्या पुड्या, आणि शेजारच्या काकूंनी "मला बरं वाटलं, तू पण घेऊन बघ" म्हणून दिलेल्या सुद्धा. दुपारी दोन ते चारच्या मधे दुकानात गर्दी नसते तेव्हा जा, संध्याकाळी सातला ओपीडी सुटल्यावर गेलात तर कुणीच धड बोलणार नाही, मी सुद्धा नाही.

या पिशवीत काय काय निघतं सांगू? पॅन ४० आणि पँटोसिड ४०, दोन्ही पँटोप्रॅझोलच, फक्त कंपन्या वेगळ्या, आणि पेशंट सकाळी दोन्ही घेतोय. नुसती मेटफॉर्मिन एका डॉक्टरांची आणि ग्लायकोमेट जीपी दुसऱ्या डॉक्टरांची, जीपीच्या आतही मेटफॉर्मिन असतेच, म्हणजे डोस न कळत वाढला. गुडघेदुखीची हिरवी पुडी, जिने दोन दिवसात जादू केली, आणि नेमकी तेव्हापासून शुगर तीनशेच्या वर. अशा पुड्यांमधे स्टेरॉईड मिसळलेलं सापडतं, म्हणून एवढ्या झटपट आराम पडला की खूश होण्याआधी जरा शंका घ्या. रोज चहात टाकलेला ज्येष्ठमध, घशाला चांगला म्हणून, पण तो जास्त आणि रोज झाला की बीपी वाढवतो आणि पोटॅशियम खाली आणतो. डॉक्टर मात्र "बीपी कंट्रोल होत नाही" म्हणून तिसरी गोळी चालू करायच्या विचारात.

आणि सगळ्यात जास्त वेळा दिसणारी गोष्ट म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. बीपीसाठी टेल्मिसार्टन, त्याच गोळीत किंवा वेगळी लघवीची गोळी, आणि वरून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मनानेच, कारण गुडघा दुखतो आणि शेतात तर जायचंच आहे. ही तीन औषधं एकत्र आली की किडनीवर ताण येतो, त्यात जुलाब-उलट्या झाल्या किंवा उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की धोका आणखी वाढतो. यातलं प्रत्येक औषध आपापल्या जागी बरोबर आहे, कुठल्याच डॉक्टरची चूक नाही, चूक एवढीच की तिन्ही गोळ्या कुणी एकत्र बघितल्या नाहीत. हे पकडायला फार्मासिस्टला पाच मिनिटं लागतात, पण पिशवी समोर आली तर.

पिशवीतलं काही सापडलं म्हणून तिथल्या तिथे मनाने बंद करायचं नाही हां. फार्मासिस्टने "ही बंद करा" म्हटलं तरी नाही. डबल आहे, भांडणारी जोडी आहे, असं जे दिसेल ते लिहून घ्यायचं आणि डॉक्टरांकडे न्यायचं, घाईचं असेल तर तिथूनच फोन.

तिसरं, एका पानाचा तक्ता

वहीचं एक पान, उभ्या रेघा मारा. औषधाचं नाव आणि आतला घटक, किती पॉवरची, कशासाठी, सकाळ-दुपार-रात्र, जेवणाआधी की नंतर, कोणी दिली, कधीपासून. "कशासाठी" हा रकाना लोक सोडून देतात आणि तोच सगळ्यात कामाचा, कारण तो भरताना लक्षात येतं की दोन गोळ्या कशासाठी चालू आहेत ते घरात कुणालाच माहीत नाही. डॉक्टरांच्या अक्षरातलं ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस म्हणजे झोपताना आणि एसओएस म्हणजे लागली तरच. एसओएसची गोळी वर्षभर रोज खाणारे लोक मी बघतो, त्यामुळे हे मराठीत लिहा.

पानाच्या वरती नाव, वय, वजन, ॲलर्जी कशाची आहे, आणि शेवटचं क्रिएटिनिन किंवा ईजीएफआर तारखेसह. हा किडनीचा आकडा आम्हा फार्मासिस्टना हवा असतो आणि कधीच मिळत नाही. ईजीएफआर ३० च्या खाली गेला तर मेटफॉर्मिन चालत नाही, किडनी मंदावली की ग्लिमेपिराईडसारख्या गोळीने शुगर अचानक खाली जायचा धोका वाढतो, आणि हे चिठ्ठी बघून कळत नाही, आकडा बघून कळतं. खाली दोन नंबर, डॉक्टरांचा आणि मेडिकलचा. पेन्सिलने लिहा म्हणजे बदल करता येतो, वर बदलाची तारीख टाका, फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका. आजीच्या पिशवीत एक झेरॉक्स कायम.

आठवड्याचे कप्पेवाले डबे मिळतात, चांगले असतात, पण सगळ्याच गोळ्या त्यात सुट्ट्या काढून ठेवू नका. टेल्मिसार्टन हवेतला ओलावा शोषते, ती घ्यायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढायची. कोकणात नि घाटावर पावसाळ्यात तर विशेष. तिचा तुकडा पाकिटासकटच कात्रीने कापून कप्प्यात टाका. आणि नावापुढे एसआर, एक्सएल, ईआर असं काही असेल तर ती गोळी मोडायची किंवा कुटायची असेल तर आधी विचारा, बऱ्याचशा अशा गोळ्या मोडल्या की दिवसभराचा डोस एकदम सुटतो.

डॉक्टरांकडे गेल्यावर

तक्ता टेबलावर ठेवा आणि पहिलं वाक्य हे म्हणा, "सर, या सगळ्या चालू आहेत, आणि मेडिकलवाल्यांनी या दोन गोष्टींवर खूण केलीये, जरा बघता का?" असं विचारलं की डॉक्टरांना राग येत नाही, "मेडिकलवाला म्हणतो ही गोळी चुकीची आहे" म्हटलं की येतो, आणि यायचाच, कुणालाही येईल.

गोळ्या घेतल्या नसतील तर खरं सांगा. "घेतो की रोज" हे खोटं फार महागात पडतं, कारण मग डॉक्टर डोस वाढवतात. बीपीचे आकडे घरून लिहून न्या, पण नीट मोजलेले: पाच मिनिटं गप्प बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, आणि त्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. गावाकडे बायका सकाळी मशेरी लावतात आणि लगेच बीपी बघायला येतात, निकोटिनने आकडा चढलेला असतो आणि सगळं घर घाबरतं. घरचं मशिन एकदा दवाखान्यातल्या मशिनशी ताडून घ्या.

उठायच्या आधी तीन गोष्टी विचारून घ्या. यातली कुठली बंद करता येईल का, नवीन गोळी कशासाठी आणि किती दिवस, आणि काय झालं तर लगेच फोन करायचा. पहिला प्रश्न आपल्याकडे कुणी विचारतच नाही, गोळ्या वाढत जातात, कमी होत नाहीत.

काउंटरवर

चिठ्ठी पूर्ण दाखवा, मोबाईलवरचा अर्धा फोटो नको. घरी जाऊन उघडण्यापेक्षा तिथेच स्ट्रिप आणि चिठ्ठी समोरासमोर ठेवून नाव, पॉवर, एक्सपायरी बघा, बिल घ्या. अँटिबायोटिकसाठी चिठ्ठी मागितली तर चिडू नका, शेड्यूल एच१ मधल्या औषधांची नोंद, डॉक्टर नि पेशंटच्या नावासकट, आम्हाला वेगळ्या रजिस्टरमधे करून तीन वर्षं ठेवावी लागते. २०१४ पासून हा नियम आहे.

चार ठिकाणी मात्र दोन मिनिटं जास्त थांबायचंच, कितीही घाई असली तरी.

इन्शुलिन. आपल्याकडे बाटलीतलं इन्शुलिन बहुतेक ४० युनिटवालं असतं, पेनचं काडतूस १०० युनिटवालं. सिरिंजही तशाच दोन, ४० ला लाल टोपी, १०० ला नारिंगी. बाटली एक आणि सिरिंज दुसरी झाली की डोस अडीचपट इकडे किंवा तिकडे. दर वेळी दोन्ही वस्तूंवरचे आकडे जुळवून घ्या. आणि फ्रीजरमधे ठेवायचं नाही, गोठलं की गेलं.

मेथोट्रेक्सेट. संधिवाताला देतात, आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली गेली तर जीवावर बेतते, ही अतिशयोक्ती नाही. पाकिटावर वाराचं नाव मोठ्या अक्षरात लिहून घ्या, "फक्त रविवारी" असं, आणि घरच्या दोघांना तरी माहीत पाहिजे.

दम्याचा पंप आणि रोटाकॅप. रोटाकॅपमधली पावडर यंत्रातून तोंडाने ओढायची असते, पण ती दिसते कॅप्सूलसारखी म्हणून पाण्याबरोबर गिळणारे लोक आहेत, हसू नका, त्यांना कुणी दाखवलंच नाही. फार्मासिस्टला म्हणा समोर करून दाखवा, मग पेशंटला करायला लावा. स्टेरॉईडवाला पंप असेल तर ओढल्यावर चूळ भरायची.

आणि अँजिओप्लास्टीनंतरच्या ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या. दात काढायचाय म्हणून दाताच्या दवाखान्याबाहेरून फोन येतो, "चार दिवस बंद करू का?" हार्टवाल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही नाही. स्टेंट बंद पडू शकतो.

फोन, खरा मुद्दा इथे आहे

हा भाग माझ्या व्यवसायबंधूंसाठी आणि फॅमिली डॉक्टरांसाठी जास्त, पण पेशंटनेही वाचावा म्हणजे काय मागायचं ते कळेल.

आम्ही फोन करायला कचरतो. डॉक्टर मोठे, ओपीडी भरलेली, आणि "तू मला शिकवतोस का" ही भीती. डॉक्टरही आम्हाला बहुतेक वेळा "तो अमुक ब्रँड आहे का" एवढ्यासाठीच फोन करतात, आणि काही ठिकाणी दवाखाना आणि मेडिकलचं नातं फक्त टक्केवारीचं उरलंय, तिथे पेशंटबद्दल बोलायला तोंडच राहत नाही. तरीही रस्ता निघतो. आधी प्रत्यक्ष जाऊन भेटा, ओपीडी संपल्यावर, औषध विकायला नाही, फक्त हे ठरवायला की कुठल्या गोष्टीला लगेच फोन, कुठल्याला व्हॉट्सॲप, आणि कुठली पुढच्या व्हिजिटपर्यंत थांबेल. डॉक्टरांनाच विचारून लिहून घ्या. ॲलर्जी, डोस दहापट वाटतोय, गरोदर बाई आणि चालत नाही असं औषध, वॉर्फरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असताना नवीन अँटिबायोटिक, असलं सगळं लगेच. डबल पित्ताची गोळी, महागडा ब्रँड, गोळ्या उरताहेत, हे मेसेजवर दिवसाअखेर.

फोन अर्ध्या मिनिटात संपला पाहिजे. "सर, अमुक मेडिकलमधून बोलतोय. तुमच्या पेशंट अमुक काकू, वय ६८, टेल्मा एच (टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी एकत्र) चालू आहे, आज तुम्ही डायक्लोफेनॅक दहा दिवस लिहिलंय, त्यांच्या तक्त्यावर क्रिएटिनिन १.६ आहे. पॅरासिटामॉल देऊ का, की हेच द्यायचं?" पेशंट कोण, अडचण काय, आकडा कुठला, पर्याय काय. पर्याय न सांगता नुसती अडचण सांगितली की डॉक्टर वैतागतात. उत्तर आलं की चिठ्ठीवर तारीख-वेळ टाकून लिहा, "डॉक्टरांशी बोलून बदल", आणि पेशंटला म्हणा "सरांशी बोललो, त्यांनी हे सांगितलंय". डॉक्टर चुकले होते असं पेशंटसमोर कधीच म्हणू नका. एकदा म्हणालात की तो फोन पुन्हा उचलला जात नाही, आणि तोटा पेशंटचा.

पेशंटची परवानगी मात्र आधी घ्या. "काकू, तुमच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलू का?" एवढं पुरतं. आणि टीबी, गुप्तरोग, मानसिक आजार यांच्या गोळ्यांबद्दल गर्दीत मोठ्याने काही नाही, गाव लहान असतं.

डॉक्टरांकडून काय हवं? चिठ्ठीवर निदान लिहा, किमान "बीपी", "शुगर" एवढं तरी. गोळी बंद केली असेल तर नुसती गाळू नका, "ही बंद" असं लिहा, नाहीतर पेशंट जुनी आणि नवी दोन्ही खातो.

नवीन गोळी सुरू झाल्यावरचे पंधरा दिवस

गोळ्या सुटतात त्या बहुतेक इथेच. इंग्लंडमधे २०११ पासून यासाठी वेगळी सेवाच आहे, नवीन औषध चालू झालं की साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात फार्मासिस्ट स्वतः विचारतो, गोळी घेताय का, काही त्रास, आणि त्याचे त्याला सरकारकडून पैसे मिळतात. आपल्याकडे पैसे कुणी देत नाही पण फोन फुकट आहे. मेडिकलवाल्याला सांगून ठेवा, "दादा, आठ दिवसांनी एक फोन कराल का आईला?" बरेच जण करतात.

या फोनमधे जे निघतं ते दवाखान्यात निघत नाही. रामिप्रिल चालू झाली आणि कोरडा खोकला लागला, पेशंट काउंटरवर येऊन खोकल्याचं सिरप मागतो, दोन बाटल्या संपतात, कुणीच जोडत नाही की खोकला गोळीचा आहे. अम्लोडिपीनने पाय सुजतात, दुसरे डॉक्टर सूज बघून लघवीची गोळी देतात, तिने पोटॅशियम खाली, मग पोटॅशियमचं सिरप, अशी मालगाडी लागते आणि इंजिन एकच. आणि डॅपाग्लिफ्लोझिन, शुगरची गोळी, आता स्वस्त झाल्यापासून भरपूर लिहितात, चांगली आहे, पण लघवीतून साखर जाते त्यामुळे खाली खाज आणि बुरशी होऊ शकते. बायका हे डॉक्टरांना सांगत नाहीत. काउंटरवर येतात, हळू आवाजात खाजेची ट्यूब मागतात. इथे फार्मासिस्टने फक्त ट्यूब दिली तर महिन्याने पुन्हा तेच, आणि एक प्रश्न विचारला, "मावशी, शुगरची नवीन गोळी कधी चालू झाली?", तर कारण सापडलं. दुकानात बाई फार्मासिस्ट असेल तर हे फार सोपं होतं, असा माझा अनुभव.

औषधाने काही मोठा त्रास झाला तर त्याची नोंदही करता येते. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालवला जाणारा फार्माकोविजिलन्सचा कार्यक्रम आहे, टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, पेशंट स्वतःसुद्धा कळवू शकतो.

हॉस्पिटलमधून सुटी मिळाल्यावर

पहिल्या दोन-तीन दिवसातच तीन कागद शेजारी ठेवायचे, जुना तक्ता, डिस्चार्ज कार्ड, आणि आत्ता आणलेल्या औषधांचं बिल. प्रत्येक गोळीपुढे एकच शब्द, चालू, बंद, बदलली किंवा नवीन. डिस्चार्ज कार्डवर बीपीची जुनी गोळी लिहिलेली नाही याचा अर्थ ती बंद केली की लिहायची राहिली, हे अंदाजाने ठरवू नका, हॉस्पिटलला फोन करून विचारा. पाच दिवसांसाठी दिलेलं औषध सहा महिने चालू राहतं ते इथूनच. सगळं जुळलं की नवा तक्ता, आणि जुना फाडून टाका, दोन तक्ते घरात ठेवू नका.

उपवास, वारी, लग्नसराई

एकादशी, चतुर्थी, नवरात्राचे नऊ दिवस. ग्लिमेपिराईड, ग्लिक्लाझाईड किंवा इन्शुलिनवाल्याने नेहमीचा डोस घेऊन उपास केला तर शुगर एकदम खाली येऊ शकते, घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी, आणि घरचे म्हणतात "उपासाने गळून गेल्या". तर दुसऱ्या टोकाला दिवसभर साबुदाणा, वरी आणि बटाटा, तिथे शुगर चढते. डॅपाग्लिफ्लोझिनवाल्यांनी कडक निर्जळी उपास डॉक्टरांना न विचारता करूच नये. उपवास करू नका असं सांगून कुणी ऐकत नाही, मी सोडून दिलंय ते सांगणं. त्यापेक्षा आषाढ-श्रावण लागायच्या आधी डॉक्टरांकडून उपवासाच्या दिवसाचा वेगळा डोस तक्त्याच्या मागच्या बाजूला लिहून घ्या. मेडिकलवाल्याला महिना माहीत असतो, त्याने आठवण करून द्यावी.

वारीला आळंदी किंवा देहूपासून पंढरपूरपर्यंत चालत जाणाऱ्यांनी पूर्ण दिवसांच्या गोळ्या अधिक आठवडाभराच्या जास्त घ्याव्यात, दोन ठिकाणी विभागून, एक स्वतःजवळ आणि एक दिंडीच्या ट्रकमधे. चिठ्ठीची झेरॉक्स प्लॅस्टिकमधे. इन्शुलिन असेल तर ओल्या कापडात गुंडाळलेलं मडकं किंवा बाजारात मिळणारी गार पिशवी. रोज एवढं चालणं झालं की शुगर आपोआप खाली येते, म्हणून डोसबद्दल निघायच्या आधीच विचारून घ्या, आणि खडीसाखर खिशात.

सरकारी दवाखान्यात जात असाल तर

तिथे उलट हे जोडकाम जास्त सोपं, कारण डॉक्टर आणि औषध निर्माण अधिकारी एकाच इमारतीत असतात. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि औषधं मोफत आहेत. बीपीच्या रुग्णांसाठी २०१७ च्या शेवटी देशात जो कार्यक्रम सुरू झाला त्यातल्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता, ठरलेल्याच गोळ्या, महिन्याभराच्या एकदम, आणि न आलेल्या पेशंटला फोन, अशी त्याची साधी रीत. तुमच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतील तर महिन्याच्या गोळ्या नि बीपी तिथेच होतं का विचारा, आशाताईंना माहीत असतं. गोळ्या संपल्या असं उत्तर मिळालं तर ती मधे सोडायची नाही, नाव लिहून घ्यायचं आणि आपल्या मेडिकलमधून किंवा जनऔषधीतून तीच पॉवर घ्यायची.

फार्मासिस्टला काय करू द्यायचं नाही

अमेरिकेत लॉस एंजेलिसमधे झालेला, २०१८ साली छापून आलेला एक अभ्यास आहे, कृष्णवर्णीय पुरुषांच्या केशकर्तनालयात फार्मासिस्ट जाऊन बसले, डॉक्टरांशी आधीच करार केलेला, त्यानुसार बीपीची औषधं स्वतः लिहिली आणि वाढवली. सहा महिन्यांत वरचं बीपी सरासरी २७ ने उतरलं, आणि ज्यांना फक्त सल्ला देऊन डॉक्टरांकडे जा म्हटलं त्यांचं ९ च्या आसपास. वाचून आमच्या लोकांची छाती फुगते. पण तो करार तिथल्या कायद्यात बसतो, आपल्याकडे फार्मासिस्टला डोस बदलायचा अधिकार नाही. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी पेशंटला समजावून सांगणं हे आमचं काम ठरवलंय, औषध लिहिणं नाही. म्हणून काउंटरवरून "अशक्तपणा आहे ना, सलाईन आणि ताकदीचं इंजेक्शन" किंवा "मागच्या वेळचंच अँटिबायोटिक नेऊ का" असलं काही चालत असेल तर तो सहयोग नाही, डॉक्टरला वळसा घालणं आहे. छातीत दुखणं, अर्धांगाची लक्षणं, दम लागणं, बेशुद्धी, यात मेडिकलवर येऊच नका, सरळ १०८.

आणि डॉक्टर म्हणाले, "मेडिकलवाल्याचं काय ऐकता"? वाद घालू नका. तक्ता पुढे करा, खूण केलेल्या ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, "सर, या दोन एकत्र चालतील ना?" ते बघतील. बहुतेक वेळा बघतात, कारण कागदावर आकडा असतो. त्यांनी "चालेल" म्हटलं तर का ते विचारून तक्त्यावर लिहा, पुष्कळदा त्यांच्याकडे कारण असतं जे आम्हाला काउंटरवरून दिसत नाही, आणि परतताना ते कारण मेडिकलमधे सांगा, म्हणजे पुढच्या महिन्यात तोच फोन पुन्हा होत नाही. दोन-तीन फेऱ्यांनंतरही डॉक्टर कागदाकडे बघायलाच तयार नसतील तर डॉक्टर बदला, आणि तक्ता बघून फोन उचलायला मेडिकलवाला तयार नसेल तर मेडिकल बदला, तालुक्याच्या गावात दोन्हींची कमतरता नाही.